हुआंग अमुक

फंग युनथाय यांना तालुक्यात सगळे वकील म्हणत, पण ते वकील नव्हते. कायदा सल्ला केंद्रातल्या एका टेबलामागे त्यांनी उभं आयुष्य काढलं. बांधावरची भांडणं, काडीमोड, म्हाताऱ्यांना न पोसणारी पोरं, असली प्रकरणं त्यांच्याकडे येत.

केस पिकल्यावर एका शिबिरात त्यांना निकालांची सरकारी साइट दाखवली. देशभरातल्या कोर्टांचे निकाल घरबसल्या वाचता येत होते. फंग इतके हरखले की जेवतानाही मोबाईल खाली ठेवीनात. कामाचा वाटेल तो निकाल ते छापून कपाटात ठेवत. पुढे त्यांचं त्यांनाच हसू आलं. हवं तेव्हा बघता येतं ते साठवायचं कशाला? सगळे कागद त्यांनी तीनचाकीवरच्या भंगारवाल्याला दिले. बायकोने, श्यूझनने, त्या कपाटात लोणच्याच्या बरण्या मांडल्या.

त्यानंतर काही वर्षांनी थाओ रुइलान आली. काडीमोड होऊन माहेरी परतलेली. गाव नव्या रस्त्यात जाणार होतं आणि सगळ्यांना इमारतीत घरं मिळणार होती. गाव समितीने तिचं नाव वगळलं. लग्न होऊन गेलेली पोरगी गावची नाही, म्हणे.

"काका, भाऊ घरात घेत नाही. डुकरांच्या गोठ्यात राहते मी. तोही पाडणार आहेत."

"धीर धर. पलीकडच्या जिल्ह्यात अगदी तुझ्यासारखी एक बाई जिंकलीय. मी स्वतः वाचलंय. तो निकाल न्यायाधीशांपुढे ठेवू."

"नाव काय तिचं?"

"हुआंग अमुक."

"हे काय नाव झालं?"

"साइटवर आडनाव ठेवतात, पुढचं झाकतात. अब्रू राखायला."

"घर मिळत असेल तर माझं आडनावही झाका," रुइलान म्हणाली आणि कितीतरी दिवसांनी हसली.

फंगनी मोबाईल उघडला. नोंद आढळली नाही. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. शब्द बदलले, वर्ष बदललं. पैसे भरून चालणाऱ्या दोन साइटी धुंडाळल्या. काही नाही. जुने बरेच निकाल आता दिसत नाहीत, एवढं एका ओळखीच्या वकिलाने सांगितलं. का, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

ते बसने त्या जिल्ह्याच्या कोर्टात गेले. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "प्रकरण क्रमांक?"

"आठवत नाही."

"बाईचं नाव?"

"हुआंग."

"हुआंग कोण?"

फंग खिडकीशी वाकले. मग हळूच म्हणाले, "अमुक."

"आजोबा, या बाकांवर बघा, निम्मे हुआंगच बसलेत. कुठली काढून देऊ?" मागच्या रांगेत खसखस पिकली.

घरी आल्यावर ते बराच वेळ कपाटासमोर उभे राहिले.

"माझ्या बरण्यांकडे बघू नका," श्यूझन म्हणाली. "त्यांनी नाही खाल्ले तुमचे कागद." पण तिने त्या रात्री त्यांच्या भातावर अंडं जास्तीचं घातलं.

सुनावणीत फंगनी तो निकाल आठवेल तसा तोंडी सांगितला. न्यायाधीश तरुण होते, वाईट नव्हते. "फंगसाहेब, तुम्ही खोटं बोलत नाही हे मला माहीत आहे," ते म्हणाले. "पण तुमचा शब्द मी फाइलला कसा जोडू? कागद आणा." कागद नव्हता. गावचं कोण हे गावाने ठरवावं, कोर्टाने नाही, असं म्हणून थाओ रुइलानचा दावा फेटाळला गेला.

पायऱ्यांवर रुइलानने विचारलं, "माझाही निकाल त्या साइटवर येईल का, काका?"

"येईल, कदाचित."

गोठा पडला. रुइलान किनाऱ्याकडच्या एका बुटांच्या कारखान्यात गेली, तिथे झोपायला खाट मिळते म्हणून. सुरुवातीला तिचा फोन यायचा, मग थांबला.

वसंतात दुसऱ्या गावची एक बाई केंद्रात आली. तीही माहेरी परतलेली, तिचंही नाव यादीत नव्हतं. काय होणार हे मनात ठाऊक असूनही फंगनी शोधून पाहिलं. या खेपेला एक निकाल निघाला. एकच. थाओ अमुक. दावा फेटाळला.

"सापडलं का काही, काका?" बाईने मान उंचावून विचारलं.

फंगनी मोबाईल टेबलावर पालथा ठेवला आणि तिच्यासाठी चहाचं पाणी ओतायला उठले.