बाईंच्या हाती दिलेलं मत

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे असं विचारलं, की मी आईचं नाव घेईन असं लोकांना वाटतं. आईचे उपकार मी मोजायलाच जात नाही. पण माझ्याशी रक्ताचं नातं नसताना, काही कारण नसताना ज्यांनी मला उभं केलं, त्यांत पहिल्या येतात त्या इंग्लंडमधल्या माझ्या घरमालकीणबाई. मी त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणतो. त्या निवृत्त प्राथमिक शिक्षिका. आमच्या तालुक्याच्या शाळेत शिकवणाऱ्या सगळ्याजणींना आम्ही बाईच म्हणायचो, आणि सत्तरी ओलांडलेल्या शिक्षिकेला तिथल्या रीतीप्रमाणे एकेरी नावानं हाक मारायला माझी जीभ वळेना. त्यांनीही ते चालवून घेतलं.

आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. पुण्यात पदवी झाली, मग शिष्यवृत्ती मिळाली आणि मी एका छोट्या इंग्रजी गावातल्या विद्यापीठात जाऊन पडलो. पहिल्याच हिवाळ्यात माझा निबंध परत आला. भाषा समजत नाही, एवढाच शेरा. मी बॅग भरली. बाईंनी जिन्यात बॅग पाहिली आणि म्हणाल्या, “सकाळपर्यंत बस नाही. तोवर निबंध दाखव.” त्या संध्याकाळपासून वर्षभर, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मी माझं लिखाण मोठ्यानं वाचायचो आणि त्या विणकाम करत ऐकायच्या. जिथं सुई थांबायची तिथं वाक्य चुकलेलं असायचं. पदवीदानाला माझे आईवडील येऊ शकले नाहीत. त्यांच्या खुर्चीवर बाई निळी टोपी घालून बसल्या होत्या.

पुढं शेजारच्या गावात नोकरी लागली आणि मी त्यांच्याकडेच राहिलो. आपला देश राष्ट्रकुलात असल्यामुळे तिथं राहणाऱ्या भारतीयाला तिथल्या निवडणुकीत मत देता येतं. हे मला बाईंनीच सांगितलं आणि मतदारयादीत नावही घालायला लावलं. त्या एका मोठ्या पक्षाच्या जुन्या कार्यकर्त्या. निवडणूक आली की त्यांच्या खिडकीत पक्षाचं पोस्टर लागायचं. मी त्यांच्याच पक्षाला मत देणार, असं त्यांनी गृहीत धरलं असेल किंवा नसेल. त्यांनी कधी विचारलं नाही.

मी गेलो एका लहान पक्षाकडे. त्याचं कारण बस. गावात येणारी संध्याकाळची शेवटची बस बंद झाली होती. एका शनिवारी बाजारात तीन माणसं टेबल मांडून बसलेली दिसली. त्यांतल्या एक गावच्या ग्रंथपाल होत्या, त्याच त्या पक्षाच्या उमेदवार. आधी भेटलेल्या सगळ्या कार्यकर्त्यांनी मला विचारलं होतं, “तुमचं मत आम्हाला धरू का?” या ग्रंथपाल बाईंनी विचारलं, “तुम्ही कामावरून घरी कसे येता?” मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. शेवटची एसटी चुकली म्हणजे काय होतं, हे आमच्या तालुक्यात वाढलेल्या माणसाला कुणी समजावून सांगावं लागत नाही. ते मी इंग्लंडात पहिल्यांदा कुणाला तरी सांगत होतो, आणि समोरचं माणूस ते लिहून घेत होतं.

तेव्हापासून मी त्यांची पत्रकं वाटायला लागलो. तिथल्या दारांना पत्रं टाकायची फट असते. तिला आतून ताठ ब्रश लावलेला असतो आणि ब्रशामागे कधीकधी कुत्रा. पहिल्याच दिवशी माझ्या बोटांना दात लागले. बाईंनी पट्टी बांधली, ओट्याच्या खणातून लाकडी उलथनं काढून माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाल्या, “पत्रक यावर धरून आत ढकल. बोटं बाहेर ठेव.” पत्रक त्यांच्या विरोधातलं होतं. त्यांनी ते उलटून वाचलं, एक छपाईची चूक दाखवली आणि परत दिलं.

लहान पक्षाला मत का द्यायचं, याचं माझं उत्तर तिथंच तयार झालं. लहान पक्ष सत्तेवर येत नाही. पण तो विरजणासारखा असतो. वाटीभर दुधाला चमचाभर पुरतं. आमची मतं थोडीशी वाढली, त्याच्या पुढच्या वर्षी बाईंच्या पक्षाच्या पत्रकात संध्याकाळची बस आली. आमचंच वाक्य, फक्त कागद गुळगुळीत. मला राग आला नाही. मला त्या दिवशी गल्लीतून चालताना आपण थोडे तरंगतो आहोत असं वाटत राहिलं.

मागच्या वर्षी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि मी दीड महिन्यासाठी पुण्याला आलो. आई माझ्या बहिणीकडे, बिबवेवाडीत. इंग्लंडात आमच्या नगर परिषदेच्या निवडणुकीचं मतदान नेमकं माझ्या रजेत येत होतं. तिथं आपल्या वतीनं मत द्यायला दुसरं माणूस नेमता येतं. आमच्या पक्षातल्या तिघांपैकी कुणालाही नेमता आलं असतं. पण अर्जात विश्वासाच्या माणसाचं नाव लिहायचं म्हटल्यावर माझ्या हातानं सरळ बाईंचं नाव लिहिलं. दुसरं कुणी मनातही आलं नाही.

मी पुण्यात उतरल्यावर दोनच दिवसांनी बाईंचा फोन आला. आमच्या वॉर्डात आमच्या पक्षाकडून पुन्हा ग्रंथपाल बाईच होत्या, आणि बाईंच्या पक्षानं बाईंच्याच मुलीला उभं केलं होतं. मागच्या खेपेला तो वॉर्ड अगदी थोडक्या मतांनी त्यांच्या हातून गेला होता.

“तुझं मत माझ्याकडे आहे,” बाई म्हणाल्या. “कुणाला द्यायचं ते पत्रानं कळव. फोनवर नको. फोनवर तू फार सभ्य होतोस.”

“बाई, तुमची मुलगी...”

“ती उभी आहे हे विसरून लिही. मला विसरता येणार नाही, तुला येईल. आणि कारणं लिहू नकोस. नुसतं नाव पुरे.”

मी जे लिहीन तेच त्या करतील, यात मला तिळभरही शंका नव्हती. तेच अवघड होतं. त्यांनी थोडी जरी लबाडी केली असती तरी माझी सुटका झाली असती.

रात्री जेवताना मी हे घरात सांगितलं. माझ्या बहिणीच्या नवऱ्याचं, दाजींचं, मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. माणूस पक्का पुण्याचा.

“काय मेहुणे,” दाजी म्हणाले, “इथं मतदारयादीत आमचंच नाव तिसऱ्या मजल्यावरच्या देशपांड्यांच्या खाली की वर, ते आम्हाला अजून सापडत नाही. आणि तिकडं मत टाकायला माणूस नेमलाय?”

“हक्क आहे दाजी.”

“असू दे की. किती निवडून येतात तुमच्या पक्षाचे?”

“आमच्या गावात अजून कुणी नाही.”

“अनामत तरी वाचते का?”

“नगर परिषदेला तिथं अनामत भरावीच लागत नाही.”

दाजींचा घास हातातच राहिला. “म्हणजे जप्त करायलाही काही नाही? अहो, मग हरल्यासारखं वाटतं तरी कसं?”

मी विरजणाचं सांगितलं. दाजी म्हणाले, “विरजण ठीक आहे. पण तुमची वाटी फ्रिजात ठेवलीय मेहुणे. लागणार कधी?”

बहीण हसता हसता पोळ्या वाढत होती. आई मात्र हसली नाही. पलंगावर पाय लांब करून ती सगळं ऐकत होती.

“त्या बाईनं तुला घरात ठिवलं,” ती म्हणाली. “तिची लेक उभी हाय. आन तू तिलाच सांगणार, दुसऱ्यावर शिक्का मार म्हणून? तिच्याच हातानं तिच्या लेकीला पाडणार व्हय रं?”

“शिक्का नसतो गं तिथं. पेन्सिलीनं फुली मारतात.”

“फुली? नको असल्यालं खोडायला मारत्यात ती?”

“तिथं हवं असलं की मारतात.”

“उफराटंच हाय सगळं,” आई म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून पडली.

तिचं म्हणणं मला परकं नव्हतं. माझे वडील शाळेत शिपाई होते. ज्या पुढाऱ्यानं त्यांना तिथं चिकटवलं, त्याला त्यांनी जन्मभर मत दिलं. पुढारी गेल्यावर त्याच्या मुलाला. मुलगा कसा आहे, हे आमच्या घरात कुणी विचारलं नाही. मताच्या दिवशी वडील धुतलेला सदरा घालून, कपाळाला गंध लावून जायचे आणि येताना त्यांचा चेहरा ओझं उतरवल्यासारखा दिसायचा. मला तो चेहरा आवडायचा. अजूनही आवडतो.

नंतरचे दिवस मला नीट वेगवेगळे आठवत नाहीत. उन्हाळा होता. ऑपरेशन होऊन आई घरी आली होती. दुपारी तिच्याकडून व्यायाम करून घ्यायचा, मग ती झोपायची, आणि मीही तिच्या पलंगाशेजारी चटईवर आडवा व्हायचो. शरीर अजून तिकडच्या वेळेवर चालत होतं. पंखा घरघरायचा, खाली कुणीतरी जुनं रद्दी-भंगार मागत जायचं आणि माझे डोळे मिटायचे. मग मी बिबवेवाडीतल्याच एखाद्या इमारतीचा जिना चढत असायचो. प्रत्येक मजल्यावर इंग्रजी दारं, हिरवी, लाल, पितळी फटी असलेली. खाली चपला, दाराला तोरण. मी पत्रक आत सरकवायचो आणि आतून ते कुणीतरी हळूच ओढून घ्यायचं. कोण ते दिसायचं नाही. चढता चढता जिना संपायचाच नाही, आणि दमायलाही व्हायचं नाही. गच्चीवर पोचलो तर तिथं मतमोजणी चाललेली. लांब टेबलांवर गठ्ठे बांधून ठेवलेले. बाईंच्या मुलीचा गठ्ठा उंच, त्याच्या शेजारचा, मागच्या खेपेला जिंकलेल्या पक्षाचा, त्याहून जरा उंच, आणि टोकाला ग्रंथपाल बाई आपला पातळ गठ्ठा दोन्ही हातांत धरून उभ्या. वारा सुटला होता, कागद उडू नयेत म्हणून त्यांनी ते तसे धरले होते. त्या एकेक कागद बघत होत्या, एखादी शिक्षिका आपल्या वर्गातली मुलं ओळखते तशा.

जाग आली तेव्हा ऊन भिंतीवरून सरकून कपाटापाशी आलं होतं. मी पडूनच विचार करत राहिलो. उंच गठ्ठ्यात माझं मत पडलं असतं तर ते उपकाराची परतफेड म्हणून पडलं असतं, आणि पडल्या क्षणी कुणाचंच राहिलं नसतं. पातळ गठ्ठ्यात ते एक माणूस होऊन उभं राहतं. पुढच्या वर्षी मोठा पक्ष पत्रक छापायला बसतो तेव्हा त्या पातळ गठ्ठ्याची जाडी बघतो. लहान पक्षाला दिलेलं मत वाया जातं असं म्हणणारे लोक फक्त कोण जिंकलं ते बघतात. कुणाच्या लक्षात काय आलं, हे बघत नाहीत.

आणि दुसरं म्हणजे, वडिलांकडे कृतज्ञता दाखवायला मताशिवाय दुसरं काही नव्हतं. त्यांना भाषण करता येत नव्हतं, पत्र लिहिता येत नव्हतं, पुढाऱ्याच्या घरात पुढच्या दारानं जाता येत नव्हतं. त्यांनी होतं ते दिलं. मला बाईंसाठी पुष्कळ करता येतं. त्यांची पन्हळ साफ करता येते, त्यांना दवाखान्यात नेता येतं, त्या आहेत तोवर त्यांच्या टेबलाशी बसता येतं. तेवढं सगळं असताना मी त्यांच्या मुलीला मत दिलं, तर ते मी वडिलांचा सदरा उसना घालून दिल्यासारखं होईल.

आई जागी झाली तेव्हा मी कागद घेऊन बसलो होतो.

“काय ठरलं?” तिनं विचारलं.

मी सांगितलं. ती गुडघ्यावरची पट्टी चाचपत राहिली.

“राग यील तिला,” ती म्हणाली.

“येईल.”

“मंग गोड लिही.”

“गोड लिहिलं की त्यांना खोटं वाटतं, आई.”

“मंग खरं लिही, पर लांबवू नगंस. आन माझा नमस्कार घाल.”

ते पत्र मी इंग्रजीत लिहिलं आणि बिबवेवाडीच्या पोस्टातून स्पीड पोस्टानं धाडलं. मराठीत ते असं:

‘बाई,

माझं मत ग्रंथपाल बाईंना द्यायचं आहे. मतपत्रिकेवर त्यांच्या नावासमोर फुली मारा.

कारणं लिहू नकोस असं तुम्ही सांगितलंत, म्हणून लिहीत नाही. फक्त एक सांगतो. तुमच्या मुलीला मत न देण्याचं कारण तुमची मुलगी नाही. ती निवडून आली तर मला आनंद होईल, आणि तिच्याकडे बसबद्दल तक्रार घेऊन येणारा पहिला माणूस मी असेन.

तुम्हाला हे काम सांगायला मला अवघड जात आहे. दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर सोपं गेलं असतं, पण मग मतदान होईपर्यंत मला झोप लागली नसती. तुमच्याकडे मत आहे म्हणून मी इथं स्वस्थ आहे.

आईचं ऑपरेशन नीट झालं. ती काठी घेऊन खिडकीपर्यंत जाते. तुम्हाला तिनं नमस्कार सांगितला आहे. माझ्यावर ती रागावली आहे, तुमच्या बाजूनं.

मतदान केंद्रावर तुमच्या हातात दोन मतपत्रिका असतील, एक तुमची आणि एक माझी. घाई करू नका. आधी तुमची भरा.’