डॉक्टरांनी लिहिलेली एक ओळ

“खरं सांग, मी जॉबर नाही,” असं म्हणत आमच्या गिरणीचे डॉक्टर स्टेथोस्कोपची चकती आधी स्वतःच्या मुठीत गरम करत आणि मग समोरच्याच्या छातीला लावत. रजेसाठी जॉबरपुढे, म्हणजे खात्याच्या मुकादमापुढे, आजार फुगवून सांगायची सवय झालेले कामगार हसत, आणि मग खरं सांगत. असे डॉक्टर तुम्हीही कुठेतरी पाहिले असतील. आमचे परवा गेले.

परळच्या त्या गिरणीत मी टायपिस्ट होतो. दवाखाना माझ्या खोलीला लागून, त्यामुळे पलीकडचं सगळं ऐकू येई. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा तेव्हा रोजच्याच. घोषणा देऊन घसा बसलेल्या एका विणकराला ते म्हणाले, “मुंबई मिळेल रे. तोवर मिठाच्या पाण्याने गुळण्या कर.”

त्याच सुमारास कामगारांच्या बायकामुलांनाही सरकारी विम्यात घ्यायचा विचार निघाला. वर्गणीचा भार मालकांवर येणार, म्हणून त्यांचा विरोध. ‘आमच्या दवाखान्यात घरच्यांचीही सोय होते, विम्याची गरज नाही,’ असं पत्र सरकारला जायचं होतं. ते मी टाइप केलं. खाली डॉक्टरांची सही हवी होती. प्रत्यक्षात कामगारांच्या बायकांना फाटकातून आतही घेत नसत.

डॉक्टरांनी पत्र दोनदा वाचलं.

“सही करतो. पण आधी महिनाभर बायकांना फाटक उघडा. म्हणजे हे खरं होईल.”

“डॉक्टर, पत्र सरकारला पाठवायचंय, बायकांना नाही,” मॅनेजर म्हणाले.

“मग सही तुम्हीच करा.”

सहीवाचून अडलं होतं. गुरुवारची सकाळ बायकांना मिळाली.

त्या लालबागच्या चाळींतून औषधासाठी धुतलेल्या बाटल्या घेऊन आल्या. चौथ्या गुरुवारी रांग फाटकाबाहेर गेली. डॉक्टर जेवायलाही उठत नव्हते. कंपाउंडरचं औषध दुपारीच संपे. एकीचा खोकला ऐकून त्यांनी विचारलं, “कधीपासून?”

“गणपतीपासून.”

“कुठल्या गणपतीपासून?”

ती खाली बघत म्हणाली, “गेल्याच्या आधल्या.”

महिना भरला. डॉक्टरांनी पत्र मागवलं, सही केली आणि सहीच्या वर हाताने लिहिलं, ‘महिनाभर करून पाहिलं. आमचा दवाखाना पुरत नाही, विमा हवा.’ मग ते पाकीट त्यांनी स्वतः पोस्टात टाकलं. आठवड्याच्या आत त्यांची नोकरी गेली.

‘दवाखाना फक्त कामगारांसाठी’ ही नोटीसही मीच टाइप केली. ती फाटकावर लागली. गुरुवारी बायका आल्या आणि तिच्याखालीच बसल्या. खोकणारीने मला विचारलं, “बाबू, काय लिवलाहा ह्येच्यात?”

मी वाचून दाखवलं. डॉक्टर आता येणार नाहीत, हेही सांगितलं. तिने पदर सावरला आणि बाकीच्यांना म्हणाली, “आज डॉक्टर येवचे नाय. चला गो, फुडल्या गुरवारी येवया.”

पुढच्या गुरुवारी त्या आल्या.