आधी बादली

आमची सूनबाई इंटरनेटवर लेख लिहिते. वाचून झालं की खाली पाच चांदण्या येतात. आवडला तर पाचही पिवळ्या करायच्या, नाही आवडला तर एकच करून पुढे जायचं. आमच्या गावच्या शाळेत मास्तर छडीने गुण द्यायचे. त्यापेक्षा हे बरं, हात तरी लाल होत नाहीत.

आधी ती घरगुती यंत्रांच्या कंपनीत फोनवर बसायची. "काका, प्लग लावलाय का जरा बघता?" असं इतक्या गोडीने विचारायची की तणतणणारा काकाही हसायचा. कंपनी बंद पडली आणि तिला एका साइटवर घरदुरुस्तीचं सदर मिळालं. कामावर जीव जडला तिचा. पण लिहायला बसली की हीच मुलगी सरकारी फलकासारखी बोलायला लागे. 'सर्वप्रथम विद्युतप्रवाह खंडित करण्यात यावा.'

मी म्हटलं, "अगं, बटण बंद करा म्हण की!"

"बाबा, लेख आहे तो. लेखासारखा दिसायला नको?"

दिसला लेखासारखा, आणि चांदण्या पडल्या दोन. कधी चुकून अडीच. शेवटी संपादकबाईंचा फोन आला. बाई वाईट नव्हत्या, पण स्पष्ट होत्या: पुढच्या लेखाला चारच्या खाली मिळाल्या, तर सदर दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल. त्या दिवशी सूनबाईचं जेवणात लक्ष नव्हतं.

पुढचा लेख होता तुंबलेल्या सिंकचा. तिने खपून लिहिला आणि सासूला वाचायला दिला. आता आमची ही म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणारी नव्हे. "वाचून काय कळतंय? करूनच बघते," म्हणाली, नाकावर चष्मा चढवला, फोन भिंतीला टेकवला आणि शिरली सिंकखाली. लेखात होतं, 'वाकड्या पाइपावरील चाकी फिरवून पाइप विलग करावा.' हिने केला विलग. वरचं सगळं काळं पाणी हिच्या मांडीवर! चष्मा पुसून हिने पुढची ओळ मोठ्याने वाचली, 'तत्पूर्वी पाइपाखाली बादली ठेवण्यास विसरू नये.'

"विसरू नये? हे आत्ता सांगतेस होय गं?"

"पण आई, तुम्हाला कळलं नाही का पाणी येईल ते?"

"तू लिहिलंस तसं केलं. जन्मात पहिल्यांदा सुनेचं ऐकलं, त्याचं हे फळ!"

मी हसत होतो, तर दोघींनी मिळून फडकं माझ्याच हातात दिलं.

फरशी कोरडी झाली तरी सूनबाई तिथेच उकिडवी बसून होती. मग हळूच म्हणाली, "फोनवर मी आधी बादलीच सांगितली असती."

झालं! लेख नव्याने सुरू. रीत अशी ठरली, की सासूने वाचत वाचत काम करायचं आणि सुनेने तोंड मिटून बघायचं. सासूचा हात जिथे अडेल, तिथली ओळ बदलायची. चाकी कुठल्या बाजूला फिरवायची यावर हात अडला, ओळ बदलली. रबराची चकती कुठे गेली यावर पुन्हा अडला. मुलगा कामावरून आला तो दोघींना सिंकखाली बघून दारातच थबकला.

"पुन्हा तुंबलं?"

"छे, मुद्दाम उघडलंय!"

लेख साइटवर गेला. पहिलीच चांदणी एक! खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'माझ्याकडे सिंकच नाही.' सूनबाईचा चेहरा उतरला. हिने त्या माणसाला जे म्हटलं, ते इथे लिहिता येत नाही. मग दुपारी दुसरं आलं: 'हात पुसून लगेच लिहितोय. घाण बादलीत, फरशी कोरडी, बायको खूश.' पाच चांदण्या! त्यापाठोपाठ आणखी आल्या. आठवडा संपता संपता आकडा साडेचारच्या वर जाऊन बसला. संपादकबाई फोनवर म्हणाल्या, "सदर तुमचंच. पुढचा लेख कशावर?"

पुढचा इस्त्रीवर ठरला होता. पण ही आडवी आली. "माझी इस्त्री धडधाकट आहे, तिला हात लावायचा नाही. यांचा रेडिओ घे, नाहीतरी नुसता खरखरतो."

तेव्हा सध्या माझा रेडिओ टेबलावर पोट उघडून पडलाय. पेचकस माझ्या हातात, फोन समोर, सूनबाई तोंड मिटून शेजारी. दुसऱ्याच ओळीला मी अडलो, तशी तिने पेन्सिल उचलली.