बाबांच्या मिरच्या

तोंडाच्या ऑपरेशननंतर बाबांना तिखट कायमचं बंद झालं. तरी त्यांनी देगलूरच्या बाजारातून वाळलेल्या लाल मिरच्या आणल्या, त्यांचं बी काढून लातूरच्या आमच्या अंगणात रोपं केली. मिरच्या लागल्यावर त्यांनीच मला ठेचा करायला लावला. मी भाकरीसोबत खाऊ लागले आणि ते समोर बसून बघत राहिले.

"लई तिखट हाय का?"

"हाव, बाबा."

त्यांनी बोटानं इवलासा ठेचा जिभेला लावला आणि तोंड दाबून धरलं. मी दही पुढे केलं, तर त्यांनी माझा हात बाजूला सारला. आग ओसरल्यावर त्यांनी तोंडावरचा हात काढला.

"अजून थोडा दे," ते म्हणाले.

मला नाही म्हणवेना. मी ठेच्याची वाटी आमच्या दोघांच्या मध्ये ठेवली. शेवटी त्यांनीच वाटी माझ्याकडे सरकवली. त्यांच्यासमोर मी खात राहिले.