कोपऱ्यातली लाइन

जगात माणसांच्या दोनच जाती आहेत, लाइन मागणारे आणि लाइन देणारे. आणि देणाऱ्यांच्या जातीत देवानं एकच अस्सल नग घडवला असेल, तर तो म्हणजे आमच्या हिचे मामा. उभा जन्म त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडण्यात घालवला. पुढे गल्लोगल्ली एसटीडीचे बूथ झाले, ट्रंक कॉलला कुणी कुत्रं विचारेना, तेव्हा मुदतीआधीच निवृत्ती घेऊन मामा पनवेलच्या आमच्या ऑफिसात आले. आमचं काम बंदरातून लोकांचा माल सोडवण्याचं. शेठनी मोठ्या हौसेनं ईमेलचा सर्व्हर आणला होता, आणि ‘तुम्ही तारांच्या धंद्यातले’ म्हणून तो मामांच्या गळ्यात घातला. मामांनी त्याची जी बडदास्त ठेवली, तशी जावयाचीही कुणी ठेवत नाही. मे महिन्यात स्वतः घामानं निथळायचे, पण टेबलफॅनचं तोंड सर्व्हरकडे.

त्या सर्व्हरची एक खोड होती. एका वेळी दहाच कॉम्प्युटर त्याला जोडता येत. अकरावा आला की पडद्यावर सरळ नकार. आणि मेल बघणारे आम्ही त्याच्या दुप्पट! मग काय, मामांनी एक्स्चेंजचा कायदा लागू केला. टेबलाटेबलातून फिरत त्यांची आरोळी चाले, “तीन मिनिटं झाली, आवरा, पुढची पार्टी थांबलीय!” एकदा कुणालाच आत शिरता येईना. मामांनी शोध घेतला, तर अकाउंट्सच्या जोशीबाई मेल उघडा ठेवून डबा खायला गेलेल्या, आणि त्यांचा कॉम्प्युटर आपला मिनिटामिनिटाला सर्व्हरचं दार वाजवतोय.

“बाई, घरी नळ उघडा टाकून जेवायला बसता का?”

“अहो मामा, मी काहीसुद्धा करत नव्हते!”

“तेच म्हणतोय मी. करतही नाही आणि सोडतही नाही.”

बाई दोन दिवस बोलल्या नाहीत. पळस्प्याच्या गोदामातून फोनच्या तारेवरून सर्व्हर गाठणाऱ्यांची तऱ्हा निराळी. फोन मध्येच तुटायचा, माणूस शिव्या घालत उठून जायचा, पण सर्व्हर बिचारा समजायचा की तो अजून बसलाय, आणि त्याची जागा अडवून ठेवायचा. असल्या जागा मामा एकेक हुडकून मोकळ्या करत, आणि ‘गेला बिचारा’ म्हणत हात जोडत. कुणाला मेल लिहायला मदत करायची, तर आधी चष्मा काढून ठेवायचे. दुसऱ्याचं बोलणं ऐकू नये हा ऑपरेटरचा धर्म, आणि मेल वाचणं म्हणजे ऐकणंच की! आता चष्म्याशिवाय मदत काय करणार, कपाळ? पण धर्म म्हणजे धर्म.

एवढं करूनही एक कोडं सुटत नव्हतं. दहाची मुभा, पण आत नऊच जण जायचे. कोपऱ्यात मामींच्या जुन्या साडीच्या तुकड्यानं झाकलेला एक कॉम्प्युटर होता. तो बंद पडलाय असंच आम्ही धरून चाललो होतो. मग एका दुपारी आमच्या ट्रकवरचा ड्रायव्हर धावत आला. “मामा, आयचं काय खरं नाय. भाऊ मस्कतला हाय. सकालपासून फोन लावतंय, लागत नाय.” मामांनी त्याचा दंड धरला, कोपऱ्यात नेला, साडी बाजूला केली. पडदा उजळलेला! “बस. बोल, लाइन मोकळी आहे.” ड्रायव्हर सांगत गेला, मामा टाइप करत गेले, आणि त्या दिवशी चष्मा मात्र डोळ्यांवर होता. भाऊ मिळेल त्या विमानानं आला. त्याला आईशी बोलता आलं.

“म्हणजे दहावी जागा तुम्ही अडवता?” मी विचारलं.

“अडवत नाही रे, राखतो,” मामा म्हणाले. मग कोपऱ्यातली साडी नीट करता करता सांगू लागले. “आमचे दादा, म्हणजे वडील, गेले तेव्हा भावानं गावाहून मला कॉल बुक केला होता. माझ्याच एक्स्चेंजला! लग्नसराई, सगळ्या लाइनी भरलेल्या. मी आपला दिवसभर लोकांची केळवणं नि मुहूर्त जोडत बसलो. माझा कॉल लागला तेव्हा सगळं आटोपलं होतं.”

मी हे कुणाला बोललो नाही. पण ऐन हंगामात जागा मिळाली नाही म्हणून एका मोठ्या गिऱ्हाइकाचा मेल अडकला, माल बंदरात पडून राहिला, आणि शेठनी वाशीहून इंजिनिअर आणला. त्यानं मर्यादा वाढवून पन्नासावर नेली आणि कोपऱ्यातली वायर काढली. मामा म्हणाले, “शेठ, मला काय बोलायचं ते बोला, पण ती एक राहू द्या.” शेठ वाईट माणूस नव्हता हो. तो हसून म्हणाला, “मामा, पन्नास मिळतायत आता, एकाचं काय घेऊन बसलात?” मामांनी साडीचा तुकडा घडी करून पिशवीत टाकला. ते रोज येत राहिले, पण आता कुणाला उठवायचं नव्हतं, की कुणाची समजूत घालायची नव्हती. जोशीबाईंनीच एकदा हाक मारली, “मामा, माझी तीन मिनिटं झाली हो!” मामा हसले. पावसाळ्याआधी त्यांनी काम सोडलं आणि खांदा कॉलनीतल्या घरी बसले.

पुढच्या वर्षी ते आजारी पडले, ते उठलेच नाहीत. मुलगी बेबी टोरांटोला. शेवटच्या दिवसांत एकदा मी उशाशी बसलो होतो. त्यांनी डोळे उघडले.

“बेबीला कळवायची वेळ आली तर… कोपऱ्यातली मोकळी आहे ना रे?”

कोपऱ्यातला तो कॉम्प्युटर भंगारात जाऊनही कितीतरी महिने झाले होते. “आहे मामा,” मी म्हणालो.

“मग झालं,” म्हणाले, आणि कुशीवर वळले.

बेबीला मेल मीच केला. एका झटक्यात गेला. कुणाला उठवावं लागलं नाही, कुणी मला ‘बस, बोल’ म्हणालं नाही. त्या दिवशी सर्व्हरवर मोकळ्या जागा वाट्टेल तेवढ्या होत्या. पण राखलेली एकही नव्हती.