तिच्या कोपरांखाली

कॉलेजच्या बास्केटबॉल संघाला सरावासाठी दहा मुली लागत आणि नऊच जमल्या होत्या, म्हणून मला घेतलं. माझी उंची चार फूट अकरा इंच. संघातली सर्वांत उंच मुलगी माझ्याहून हातभर तरी वर होती. आमच्या सरांनी तिला बास्केटखाली उभं केलं आणि मला तिच्या पाठीमागे. "हिले अडव," ते म्हणाले. कसं, ते त्यांनी सांगितलं नाही.

मी हात वर करून उड्या मारायचे. ती माझ्या डोक्यावरून बॉल घ्यायची, वळायची आणि टाकायची. वळताना तिचं कोपर माझ्या कपाळाला, नाकाला लागायचं. एकदा नाकातून रक्त आलं. घरी आई म्हणाली, "काहून जाते वं तिथं? मार खायले?"

पण खेळ सोडला असता तर दुपारी दोनलाच घरी यावं लागलं असतं. नंदनवन नावाच्या वस्तीत आमच्या दोन खोल्या होत्या, माणसं आठ, आणि माझ्यासाठी स्थळं बघणं सुरू झालं होतं. ग्राउंडवरचे ते दोन तास वडिलांनी फक्त खेळासाठी मोकळे ठेवले होते. मी सरांना विचारलं, दुसऱ्या मुलीला अडवू का? ते म्हणाले, "मंग घरी बस." घरी बसायचं नव्हतं, म्हणून मी पुन्हा तिच्या मागे जाऊन उभी राहिले.

उड्या मारून थकल्यावर मी तिच्याकडे नीट बघायला लागले. बॉल वर झेलला तरी टाकण्याआधी ती तो एकदा छातीपर्यंत खाली आणायची. तेवढा क्षणभर तो माझ्या हाताच्या उंचीवर यायचा. मी उडी मारणं बंद केलं आणि त्या क्षणी खालून बॉलला थाप मारू लागले. तिची जागा ठरलेली होती, बास्केटच्या डाव्या बाजूला. ती पोचायच्या आधी मी तिथे गुडघे वाकवून ठाण मांडायचे. मग ती मला रेटायची, पण मी इतकी खाली असायचे की रेटायला तिला काही सापडायचं नाही. कुणी बास्केटकडे बॉल टाकला की मी तिच्याकडे पाठ करून तिला कमरेनं बाहेर ढकलत राहायचे. बॉल जमिनीवर पडला की आम्ही दोघी सारख्याच.

"गोचिडीसारखी चिपकते तू," ती चिडून म्हणायची.

सर खूश होते, पण तिच्यावर. "हिच्यासमोर खेळून खेळून पोरगी तयार होऊन राहिली," असं ते माझ्यासमोर सांगत. सामन्यात ती खेळायची. मी बाकावर बसून सगळ्यांचे टॉवेल सांभाळायचे.

पुढच्या वर्षी ती दुसऱ्या कॉलेजात गेली. आमचा त्यांच्याशी सामना आला तेव्हा सरांनी पहिल्यांदाच मला सुरुवातीपासून उतरवलं. मध्यंतरापर्यंत तिला दोनच बास्केट करता आल्या. मग माझे चार फाऊल झाले. पाचव्याला बाहेर जावं लागणार होतं. शेवटच्या मिनिटाला आम्ही दोन गुणांनी पुढे होतो आणि बॉल तिच्याकडे आला. तिनं तो छातीशी आणला. हात घालायचा फार मोह झाला, पण मी हात मागे घेतले आणि तिच्या पाठीमागे नुसती उभी राहिले. थाप येईल म्हणून ती घाईनं वळली. बॉल रिंगवर आपटून बाहेर गेला. आम्ही जिंकलो.

ती घामानं निथळत जवळ आली. "वर्षभर तुह्यासोबत खेळली मी," ती म्हणाली, "पण तू काय पाहून राहिली होती, ते मले कधी समजलंच नाही."

दुसऱ्या दिवशी मी सरांना म्हटलं, आता मलाही बास्केट करू द्या. ते हसले. "तुले उंच पोरींसाठीच ठेवलं हाये."

शेवटच्या वर्षापर्यंत समोरच्या संघातली जी सर्वांत उंच, ती माझी. मग कुही गावाकडचं एक स्थळ आलं. मुलाच्या वडिलांनी विचारलं, मुलीला आवड कशाची? "विणकामाची," माझे वडील म्हणाले. मी मान खाली घालून बसले होते. आदल्या दिवशी सामन्यात पडले होते, आणि साडीच्या आत गुडघा सुजून ठणकत होता.