जासईच्या गेटपर्यंतचा शब्द

बळीराम घरत विचुंब्याच्या नव्या सोसायटीत राहायला आले त्याला आठ वर्षं झाली, पण जीव अजून जासईतच. रिटायर झाले तरी सकाळी दाढी, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात दोन मोबाईल, आणि स्कूटर निघाली उरणच्या रस्त्याला. कुठं जातात हो रोज, असं शेजारणीनं विचारलं की त्यांची बायको गोदू सांगायची, कंटेनर यार्डाच्या गेटवर जातात, माझ्या चहात त्यांना साखर कमी पडते.

आता चहा पाजायला कुणी माणसाला रोज बोलावतं का? पण बळीदादांना बोलावायचे. तीस वर्षं ते यार्डात सुपरवायझर होते, आणि त्या तीस वर्षांत त्यांनी खरं काम एकच केलं, शब्द टाकला. कुणाचा भाचा, कुणाचा जावई, कुणाचा नुसताच रिकामा बसलेला भाऊ. माणसाला दाढी करून यायला सांगायचं, गेटवर न्यायचं, त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि मॅनेजरला म्हणायचं, "आपला माणूस हाय. काय झाला तर मी जबाबदार." झालं काम. त्या माणसाच्या काखेतली सर्टिफिकेटांची प्लॅस्टिकची फाईल कधी उघडायची वेळच यायची नाही. मॅनेजर नवीन असला, शहाणपणा करायला लागला, तर दुसऱ्या दिवशी दादा वीस माणसं घेऊन गेटसमोर उभे राहायचे. घोषणा नाही, शिवीगाळ नाही. नुसतं उभं राहायचं, मधेच चहा प्यायचा, परत उभं राहायचं. दुपारच्या आत आतून बोलावणं यायचं.

अशा माणसाची एकुलती एक लेक समीक्षा. शिकून झाली इंजिनियर, ती पण मातीची. म्हणजे जमिनीखाली चिखल किती, खडक किती, वर इमारत उभी केली तर पेलेल का, हे सांगणारी. तिचे आजोबा मिठागरात नुसता पाय टाकून चिखलाची जात सांगायचे, तीच विद्या नातीनं मशीन लावून शिकली. पुढचं शिकायला कॅनडाला गेली तेव्हा बळीदादांनी जे केलं ते सोसायटीत अजून सांगतात. दोन टेम्पो, चार गाड्या, चाळीस माणसं आणि समीक्षाचा फोटो छापलेला बॅनर, असं लटांबर विमानतळावर. पोरगी लाजून ट्रॉलीच्या मागे लपली होती. सिक्युरिटीवाल्यानं विचारलं, कोण मंत्री चाललाय का? दादांना ते बोलणं लागायच्या ऐवजी शाबासकीसारखं वाटलं.

दोन वर्षांत शिक्षण झालं. नंतर तिकडं राहून काम करायचा परवाना मिळाला, तो नोव्हेंबरच्या तीस तारखेपर्यंतचा. तेवढ्यात तिच्या शिक्षणाची नोकरी लागली तर पुढं राहता येणार, नाहीतर बॅग भरायची. पोरीनं दीडशे अर्ज केले. कुणी उत्तर दिलं नाही, आणि ज्यांनी दिलं त्यांनी विचारलं, इथल्या कामाचा अनुभव किती? घरून विचारलं की ती म्हणायची, सध्या एका कंपनीत आहे, बघतेय. गोदूनं तेवढ्यावर जासईत सांगून टाकलं होतं की आमची समू तिकडं इंजिनियर आहे.

जूनमध्ये समीक्षानं फोनवर सांगितलं की इकडं अर्ज वाचतच नाहीत, लिंक्डइनवर ओळखी कराव्या लागतात. तिची संध्याकाळ म्हणजे यांची सकाळ, दादा दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून ते फोनच्या पुढ्यात येऊन बसले. ओळखी! आयुष्यभर दुसरं केलंच काय होतं त्यांनी? पण पोरीनं पुढं सांगितलेलं त्यांना झेपेना. अनोळखी माणसाला लिहायचं, पंधरा मिनिटं बोलायला वेळ मागायचा, त्याच्या कामाबद्दल विचारायचं, आणि नोकरीचं अवाक्षर काढायचं नाही. दादांनी विचारलं, मग तो बोलेल कशाला? समीक्षा म्हणाली की तेच तर शिकतेय.

त्याच दिवशी दादा तिसऱ्या मजल्यावरच्या अनुयाकडे गेले. अनुया ऐरोलीच्या एका कंपनीत माणसं भरती करायचं काम करते, म्हणजे एका अर्थी दादांच्याच धंद्यातली, फक्त हिला फाईल उघडून बघावी लागते. तिनं दादांचं लिंक्डइनवर खातं काढून दिलं. फोटो त्यांनी दिला तो गॉगल लावलेला, गळ्यात हार घातलेला. नावाखाली काय लिहू असं तिनं विचारलं तर म्हणाले, काय लिहायचं, सगळे ओळखतात. शेवटी तिनं निवृत्त सुपरवायझर असं लिहिलं. ज्या माणसाला जासई नाका ओलांडेपर्यंत अकरा जण हात करतात, त्याच्या खात्यावर ओळखीची माणसं किती, तर एक. ती पण अनुया.

मग लेकीचं पान उघडलं. फोटो छान होता, केस बांधलेले, कोट घातलेला, आणि फोटोभोवती हिरवा गोल. गोदू चष्मा लावून बघायला आली होती, तिनं विचारलं, हे हिरवं काय? अनुयानं जरा आडवळणानं सांगितलं की काम शोधणाऱ्यांनी तो लावायचा असतो, म्हणजे लोकांना कळतं.

जिन्यात आल्यावर गोदू म्हणाली, "म्हंजी पोरीनं गळ्यात पाटी घातलीय. सगळ्या जगाला दिसते, मना आईलाच दिसत नव्हती."

अनुयानं दादांना दम देऊन ठेवला होता की काका, तुम्ही फक्त बघायचं. फार तर अंगठा दाबायचा. दादा दोन महिने शहाण्यासारखे वागले, हे त्यांच्या नावावर लिहून ठेवायला हवं. ऑगस्टमध्ये समीक्षानं आजोबांच्या मिठागरावर लिहिलं. भरतीच्या पाण्याखालचा मऊ चिखल पायाला कसा लागतो, आणि त्यावर बांधायचं तर मशीनला काय विचारावं लागतं. त्या लेखाखाली तिकडच्या एका मोठ्या कंपनीच्या हॉवर्ड नावाच्या साहेबानं लिहिलं की आमच्या बंदराखाली हाच चिखल आहे, आपण बोलू या. पंधरा मिनिटं बोलणार होते, पाऊण तास बोलले. नंतर रीतसर मुलाखत ठरली, गुरुवारी.

समीक्षाच्या आवाजात कितीतरी महिन्यांनी तो जुना चिवचिवाट ऐकू आला. तिनं बजावलं, पप्पा, कुणाला सांगू नका. दादांनी कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नाही. फक्त दीपेशला सांगितलं.

दीपेश म्हणजे दादांनीच चिकटवलेला, आता यार्डात शिफ्ट इन्चार्ज. त्याला सांगायचं कारण साधं होतं. दादांनी हॉवर्ड साहेबाचं पान बघितलं होतं. साहेबानं बंदराच्या नव्या धक्क्याचा फोटो टाकला होता आणि खाली अनोळखी लोकांनी दोन-दोन ओळी लिहिल्या होत्या. दादांना त्यात गेट दिसलं. साहेब आत, लोक बाहेर उभे, आणि त्यांची पोरगी त्या गर्दीत एकटी, खांद्यावर कुणाचा हात नाही. तीस वर्षं ज्या माणसानं दुसऱ्यांच्या पोरांसाठी माणसं उभी केली, त्यानं स्वतःच्या पोरीसाठी अंगठा दाबत बसायचं?

सोमवार-मंगळवारात यार्डातल्या चौसष्ट जणांनी खाती काढली. बुधवारी सकाळी सगळे हॉवर्ड साहेबाच्या धक्क्यावर जाऊन उभे राहिले. रिस्पेक्टेड सर, समीक्षाताई व्हेरी हार्डवर्कर. सर, प्लीज डू द नीडफुल. ताई आमच्या गावची शान. एकानं नुसतं वाघाचं चित्र टाकलं, पाच वेळा. दीपेशच्या मेव्हण्यानं लिहिलं, फोर्कलिफ्ट चालवतो, सहा वर्षांचा अनुभव, आमचं पण बघा. काहींना वाटलं एकाच साहेबाला सांगून काय होणार, म्हणून त्यांनी त्या कंपनीतल्या दिसेल त्या माणसाला लिहिलं. सगळ्यांत शेवटी दादांनी मोबाईलवर मराठीचं इंग्रजी करून स्वतःची ओळ टाकली: मी तिचा बाप आहे. तिला आपली मुलगी समजा. काही झालं तर मी जबाबदार.

आणि मग ते निवांत दाढीला बसले.

गुरुवारी सकाळी समीक्षाचा फोन आला. ती ओरडली नाही. ओरडली असती तर दादांना काहीतरी उत्तर सुचलं असतं.

"पप्पा, ते चौसष्ट जन कोन हायत?"

"आपलेच लोक. तुझ्यासाठी उभे राहिले."

"एक जन स्वतःसाठीच नोकरी मागतोय."

"तो दीपेशचा मेव्हणा. त्याला सांगतो पुसून टाकायला."

"पुसायला काय राहिलं नाय आता. साहेबांनी फोटोच काढून टाकला. इंटरव्ह्यू पन."

कंपनीचं पत्र तिनं वाचून दाखवलं, आणि मग त्याचं मराठी करून सांगितलं. पत्र फार सभ्य होतं. सगळ्या उमेदवारांना सारखं वागवायचं असतं, आमच्या लोकांना एवढी पत्रं आल्यावर कुणीतरी दबाव आणतंय असं वाटलं, म्हणून सध्या पुढं जाता येत नाही, तुम्हाला शुभेच्छा. दादा म्हणाले, मी त्या साहेबाशी बोलतो, तुझी यात काय चूक, सगळं मी केलं असं सांगतो.

"पप्पा, तुमी काय पन करू नका. मी हात जोडते."

हात जोडणारी माणसं दादांनी आयुष्यात शेकड्यांनी बघितली. दादा, काहीतरी करा, म्हणून सगळे हात जोडायचे. काही करू नका म्हणून कुणी जोडले नव्हते.

"ठेवते," ती म्हणाली. "शिफ्ट हाय."

"इंजिनियरला कसली शिफ्ट?"

मग तिनं सांगितलं. कंपनी म्हणजे कोल्ड स्टोरेज होतं. बर्फातल्या बटाट्यांचे खोके यायचे, ते कंटेनरमध्ये भरायचे. आठ महिने झाले होते.

गोदू पदराचा बोळा तोंडाशी धरून उभी होती. दादांना पोरीच्या कॅनडातलं पहिल्यांदा काहीतरी समजलं होतं, आणि समजलं ते हे. त्यांनी विचारलं, "कमरेला पट्टा लावतेस काय?"

"लावते."

"ग्लोज देतात?"

"देतात."

"खोका उचलताना गुडघ्यात वाक. कमरेत नको."

"माहीत हाय पप्पा. लहानपनापासून ऐकलाय."

त्यानंतर दादा चार दिवस गेटवर गेले नाहीत. चहा घरचा प्यायले आणि साखरेबद्दल बोलले नाहीत. पाचव्या दिवशी अनुयाकडे गेले, माफीचं पत्र लिहून घ्यायला. तिनं लिहायला साफ नकार दिला, म्हणाली की आता एक ओळ जरी गेली तरी तिचं नाव तिथं आणखी खराब होईल. मग मी काय करू, असं दादांनी विचारलं. काही नाही काका, ती म्हणाली, आणि स्वतःच कासावीस होऊन चहा टाकायला आत गेली.

मग दादा रोज लेकीचं पान उघडून बघायला लागले. काही दाबायचं नाही, लिहायचं नाही, नुसतं बघायचं, हिरवा गोल आहे का तसाच. हे तरी कुणाला खुपणार नाही असं त्यांना वाटलं होतं. तर एक दिवस समीक्षाचा मेसेज आला: पप्पा, काल तुमी माझं पान अकरा वेळा उघडलं. इथं दिसतं मला. दादांना कुणाच्या खिडकीत डोकावताना पकडल्यासारखं झालं. त्या दिवसापासून ते एकदाच बघायचे, सकाळचा चहा झाल्यावर. एकदा बघितलेलं तिला चालत असावं. ती काही बोलली नाही.

ऑक्टोबर गेला. नोव्हेंबरच्या सोळा तारखेला दादांनी पान उघडलं तर फोटोभोवतीचा हिरवा गोल गायब. त्यांनी चष्मा पुसला, मोबाईल बंद करून परत चालू केला. गोल नव्हता. लागली बरं का नोकरी, एवढंच गोदूला म्हणाले आणि चपला अडकवून निघाले. अर्धा किलो पेढे घेऊन आले तरी पोरीला फोन लावायचं धाडस होईना, काय पण करू नका म्हणाली होती ना. पेढ्यांचा बॉक्स देवापुढं ठेवून दोघं सोफ्यावर बसून राहिली.

फोन तिचाच आला. परतीचं तिकीट काढलं होतं, अठ्ठावीस तारखेचं. परत जायचं ठरल्यावर गोल ठेवून काय करायचा, म्हणून काढून टाकला.

गोदूनं ये बाळा, ये, असं दहा वेळा म्हणून घेतलं. मग फोन दादांकडे आला. त्यांना पोरीला खूप सांगायचं होतं. इकडं पण माती आहे म्हणायचं होतं, माझी चूक झाली म्हणायचं होतं. तोंडातून आलं ते सवयीचं.

"घ्यायला येतो. दीपेशला गाड्या सांगतो."

समीक्षा म्हणाली, "या. आईला आना. पन पप्पा, बाकी कोन नको."

"बरं."

"बॅनर पन नको."

"नाय गं," दादा म्हणाले.

त्याच दुपारी दीपेशचा फोन. कुठून कसं कळतं या लोकांना, देव जाणे. ताईचं काय झालं म्हणून त्यानं विचारलं, आणि वर सांगितलं की अजून कुठं उभं राहायचं असेल तर नुसता शब्द टाका, सगळे तयार आहेत.

दादांनी देवापुढच्या पेढ्यांच्या बॉक्सकडे बघितलं. तो अजून कुणी उघडला नव्हता.

"नाय रे," ते म्हणाले. "सगळ्यांना घरी बसायला सांग."